गंगाधरशास्त्री खून प्रकरण: आरोपी ठरला, शिक्षा झाली, राज्य बुडालं, पण खटला चाललाच नाही

फेब्रुवारी १८१८. साताऱ्याचा अजिंक्यतारा इंग्रजांच्या ताब्यात आला होता. पेशवे दुसरे बाजीराव फौजेसह पुढे पळत होते आणि इंग्रजी पलटणी त्यांच्या मागावर होत्या. अशा वेळी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ११ फेब्रुवारीला साताऱ्यातून एक जाहीरनामा काढला. बाजीरावांचं राज्य कायमचं खालसा होतंय आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याभोवतीचा मुलूख दिला जाईल, असं त्यात होतं.

राज्य का खालसा होतंय, याची कारणंही जाहीरनाम्यात दिली होती. त्यातलं एक कारण होतं अडीच वर्षांपूर्वी पंढरपुरात झालेला एका माणसाचा खून. त्या माणसाचं नाव गंगाधरशास्त्री पटवर्धन.

शास्त्री काही राजे नव्हते, सरदार नव्हते, सेनापतीही नव्हते. ते बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी होते आणि वाटाघाटीसाठी पुण्यात आले होते. तरीही मराठ्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात महागात पडलेल्या खुनांपैकी हा एक मानला जातो.

विशेष म्हणजे या खुनाचा खटला कधीच चालला नाही. मारेकऱ्यांना कुठल्या न्यायाधीशासमोर उभं करून साक्षीपुरावे झाले नाहीत. मग आरोपी कोणी ठरवला? आणि एका खुनावरून एक अख्खं राज्य कसं गेलं?

कोण होते गंगाधरशास्त्री?

शास्त्र्यांचं घराणं मूळचं साताऱ्याजवळच्या मेणवलीचं मानलं जातं. वाईपासून जवळ, कृष्णेकाठचं हे गाव नाना फडणवीसांच्या वाड्यामुळे आणि घाटामुळे आजही ओळखलं जातं. शास्त्र्यांचं नशीब मात्र उघडलं ते गुजरातमध्ये.

अठराव्या शतकात मराठी फौजा गुजरातेत गेल्या तशा त्यांच्यामागे कारकून, हिशेबनीस, पुरोहित, सावकार अशी मराठी कुटुंबंही गेली. बडोदा हे अशा माणसांचं मोठं ठिकाण होतं. आजूबाजूला गुजराती मुलूख, पण दरबार मराठी आणि कागदपत्रं मोडीत. देश सोडून कामासाठी परमुलखात गेलेल्या मराठी माणसांची ही दुनिया होती.

१८०२ च्या सुमारास बडोद्याच्या गायकवाडांचा कारभार कर्जात बुडालेला होता. पगार थकल्यामुळे अरब शिबंदीने, म्हणजे भाडोत्री सैनिकांनी, राज्य वेठीला धरलं होतं. गादीवर आनंदराव गायकवाड होते, पण त्यांना कारभार झेपत नव्हता. या गोंधळात ईस्ट इंडिया कंपनी मध्ये पडली, अरबांना हटवलं आणि बडोद्यात आपला रेसिडेंट बसवला. रेसिडेंट म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी. मेजर अलेक्झांडर वॉकर हे तिथले रेसिडेंट झाले आणि त्यांना हाताशी एक हुशार मराठी माणूस मिळाला, गंगाधरशास्त्री.

शास्त्र्यांना दरबारातली माणसं कळायची, हिशेब कळायचा आणि इंग्रजांना काय हवंय तेही कळायचं. बघता बघता ते गायकवाडांच्या कारभारातले सगळ्यात वजनदार गृहस्थ झाले. त्यांना ओळखणाऱ्या एल्फिन्स्टन यांनी त्यांचं मजेशीर वर्णन करून ठेवलंय. शास्त्री इंग्रजांसारखे झपझप चालायचे, मोठ्याने बोलायचे, मध्येच समोरच्याचं बोलणं तोडायचे, बोलण्यात इंग्रजी शिव्या पेरायचे आणि पेशव्यांच्या मंत्र्यांना खुशाल मूर्ख म्हणायचे.

अशा माणसाला मित्र कमी आणि शत्रू जास्त असतात. बडोद्यात त्यांचे मोठे शत्रू होते सीताराम रावजी. ते आधीचे दिवाण. शास्त्र्यांचं वजन वाढलं तसं यांचं उतरत गेलं. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे संशयितांच्या यादीत ते पुन्हा येणार आहे.

शास्त्री पुण्याला कशासाठी आले?

पैशासाठी.

गायकवाड हे मुळात पेशव्यांचे सरदार. त्यांच्याकडून वर्षानुवर्षांची खंडणी आणि इतर रकमा येणं आहे, असं पेशव्यांचं म्हणणं होतं. गायकवाडांचे उलट दावे होते. आकडे एवढे मोठे होते की वाद मिटणं सोपं नव्हतं.

दुसरा वाद अहमदाबादचा. तिथल्या महसुलात पेशवे आणि गायकवाड दोघांचा वाटा होता. पेशव्यांनी आपला वाटा १८०४ मध्ये दहा वर्षांसाठी, वर्षाला साडेचार लाख रुपयांच्या इजाऱ्याने गायकवाडांना दिला होता. इजारा म्हणजे ठरलेली रक्कम भरून वसुलीचा मक्ता घेणं. ही मुदत १८१४ मध्ये संपत होती. गायकवाडांना ती वाढवून हवी होती. बाजीरावांना तो मुलूख परत आपल्या हातात हवा होता.

वाद दोघांचा, पण मध्ये इंग्रज होते. १८०२ च्या वसईच्या तहात बाजीरावांनी मान्य केलं होतं की गायकवाडांशी असलेल्या हिशेबाच्या भांडणात इंग्रज मध्यस्थ असतील. त्यामुळे बोलणी करायला शास्त्री १८१४ मध्ये पुण्यात आले ते इंग्रजांनी जिवाची हमी दिल्यावरच.

ही हमी या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. बडोद्याचा वकील पुण्यात मारला गेला, तर तो फक्त गायकवाडांचा अपमान राहणार नव्हता. इंग्रजांचा शब्द मोडला, असा त्याचा अर्थ होणार होता.

आधी नकार, मग मेहुणीचं स्थळ

सुरुवातीला बाजीराव शास्त्र्यांना वकील म्हणून स्वीकारायलाच तयार नव्हते. नंतर स्वीकारलं, पण बोलणी रखडवली. अहमदाबादचा इजारा संपला तेव्हा तो गायकवाडांना न देता त्र्यंबकजी डेंगळे यांच्याकडे सोपवला.

त्र्यंबकजी हे बाजीरावांचे सगळ्यात विश्वासू माणूस. साध्या हुद्द्यापासून चढत ते थेट कारभारी झाले होते. इंग्रजांना हटवून मराठा सरदारांना पुन्हा पेशव्यांच्या छत्राखाली आणावं, या विचाराचे म्हणून इंग्रज त्यांच्याकडे बघत. एल्फिन्स्टन आणि त्र्यंबकजी यांचं कधीच पटलं नाही.

काम होत नाही म्हटल्यावर शास्त्र्यांनी बडोद्याला परतायची तयारी सुरू केली आणि पुण्याच्या दरबाराचा सूर एकदम बदलला. बाजीराव त्यांना मान देऊ लागले. त्र्यंबकजी आपुलकीने बोलू लागले. पुढे तर बाजीरावांनी आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला देऊ केली. मेणवलीच्या शास्त्र्याचा मुलगा थेट पेशव्यांचा साडू होणार होता.

शास्त्री हुरळले. गायकवाडांनी सुमारे सात लाखांचा मुलूख पेशव्यांना तोडून द्यावा आणि हिशेब मिटवावा, असा तोडगा त्यांनी बडोद्याला कळवला. १८१५ च्या उन्हाळ्यात पेशव्यांचा सगळा लवाजमा नाशिकला गेला आणि तिथे लग्नाची तयारीही सुरू झाली.

पण बडोद्याला हा तोडगा पटला नाही. तिथून होकार येईना. आता लग्न उरकलं तर आपण धन्याचा मुलूख देऊन सोयरीक विकत घेतली असं होईल, हे शास्त्र्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लग्न लांबवलं आणि अखेर मोडलं. त्यातच, पेशव्यांच्या वाड्यातल्या वागण्याबद्दल कानावर आलं होतं म्हणून त्यांनी आपल्या बायकोला तिथे जाऊ दिलं नाही.

सगळ्या तयारीनंतर मोडलेलं लग्न आणि वाड्यावर यायला दिलेला नकार. बाजीरावांसाठी हा चारचौघांतला अपमान होता. वरवर मात्र त्यांनी राग दाखवला नाही. उलट त्यांनी शास्त्र्यांना आग्रह केला, आता आषाढीला पंढरपूरला जाऊ, सोबत चला.

शास्त्र्यांचे सहकारी बापू मैराळ यांना या प्रवासात सोबत नेलं नाही. शास्त्री मोजक्या माणसांनिशी निघाले. एल्फिन्स्टनही त्या दिवसांत लांब, वेरूळच्या बाजूला होते.

पंढरपूर, जुलै १८१५: त्या रात्री काय घडलं?

आषाढीच्या दिवसांतलं पंढरपूर. चंद्रभागेचं वाळवंट आणि देवळाभोवतीचे बोळ वारकऱ्यांनी भरलेले. त्या रात्रीची जी हकीकत पुढे इंग्रजांच्या कागदांत आली, ती मुख्यतः शास्त्र्यांच्या बाजूच्या माणसांनी सांगितलेली आहे. ती अशी.

शास्त्री दिवसा दरबारच्या मंडळींबरोबर होते. संध्याकाळी बिऱ्हाडी आले तेव्हा त्यांना बरं वाटत नव्हतं. कोणी बोलवायला आलं तर तब्येत ठीक नाही असं सांगा, असं त्यांनी आपल्या माणसांना बजावलं.

थोड्याच वेळात त्र्यंबकजींकडून निरोप आला. देवळात गर्दी कमी आहे, थोडी माणसं घेऊन दर्शनाला या. शास्त्र्यांनी नकार कळवला. पुन्हा निरोप आला. पुन्हा आग्रह झाला. अखेर शास्त्री उठले आणि सात-आठ माणसं घेऊन निघाले. त्या माणसांकडे हत्यारं नव्हती.

वाटेत गर्दीतून कोणीतरी विचारल्याचं सोबतच्यांनी ऐकलं, यातले शास्त्री कोणते? गळ्यात कंठी आहे ते, असं उत्तरही ऐकू आलं. यात्रेच्या गर्दीत मोठ्या माणसाची अशी विचारपूस होणारच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

देवळात दर्शन झालं. त्र्यंबकजींच्या मंडळींशी चार शब्द बोलणं झालं. शास्त्री परत निघाले. देवळापासून थोडं अंतर गेले असतील, तोच मागून तीन माणसं धावत आली. वाट सोडा, वाट सोडा, असं ओरडत. त्यांच्या एका हातात पिळलेलं कापड होतं आणि दुसऱ्या हातात तलवार. पहिला वार शास्त्र्यांवर झाला. सोबतची माणसं घाबरून पांगली. परत येऊन पाहिलं तेव्हा शास्त्री रस्त्यात मरून पडले होते.

एक ब्राह्मण, परक्या दरबाराचा वकील, ऐन आषाढीत, विठ्ठलाच्या दारात मारला गेला. त्या काळच्या लोकांना यातली एकेक गोष्टच हादरवायला पुरेशी होती. इथे सगळ्या एकाच वेळी घडल्या होत्या.

तपास झाला का?

दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांची माणसं त्र्यंबकजींकडे गेली. कारभारी तेच, तपास करायचा तर त्यांनीच. त्र्यंबकजींनी सांगितलं की मारेकरी कोण हे कसं सांगणार, शास्त्र्यांचे शत्रू कमी होते का? बोट होतं ते बडोद्याच्या सीताराम रावजींकडे आणि गायकवाड घराण्यातल्या विरोधकांकडे.

शास्त्र्यांच्या माणसांना पंढरपुरातून निघून जायला सांगण्यात आलं. कोणालाही पकडलं नाही. बाजीरावांनी मात्र स्वतःभोवतीचा पहारा वाढवला आणि पुण्यात परतले ते झाकलेल्या पालखीतून, गाजावाजा न करता.

इकडे एल्फिन्स्टन तातडीने पुण्याला आले. त्यांनी आपल्या बाजूने माहिती काढली आणि तीन नावं पेशव्यांसमोर ठेवली. त्र्यंबकजी डेंगळे, गोविंदराव बंधूजी आणि भगवंतराव गायकवाड. शेवटचे दोघे बडोद्यातल्या विरोधी गटाचे आणि पुण्यात राहून शास्त्र्यांविरुद्ध खटपटी करणारे.

बाजीरावांनी वेळ काढला. आधी पुरावा द्या म्हणाले, मग चौकशी करतो म्हणाले. त्र्यंबकजी मोकळे असताना त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोण येणार, असं एल्फिन्स्टन यांचं म्हणणं. त्र्यंबकजींना आधी कैद करा, मग चौकशी, यावर ते अडून बसले आणि कंपनीच्या पलटणी पुण्याच्या दिशेने हलवल्या.

संशयित कोण कोण?

आज कागदपत्रं वाचताना तीन शक्यता समोर येतात.

पहिली, खून त्र्यंबकजींनी करवला आणि बाजीरावांच्या संमतीने. या बाजूने परिस्थितीजन्य पुरावा बराच आहे. वारंवार आलेले निरोप, थोडीच माणसं आणा हा आग्रह, गुन्ह्यानंतर तपासाची टाळाटाळ आणि मोडलेल्या लग्नाचा राग.

दुसरी, त्र्यंबकजींनी हे परस्पर केलं आणि बाजीराव नंतर त्यांना पाठीशी घालत राहिले.

तिसरी, मूळ कट बडोद्यातला. शास्त्री गेले तर सगळ्यात जास्त फायदा सीताराम रावजींच्या गटाला होणार होता. इंग्रजांनी मागितलेल्या तीन नावांपैकी दोन याच गटातली होती, हे विसरता येत नाही. म्हणजे इंग्रजांच्या मते सुद्धा हा कट फक्त पुण्याचा नव्हता.

या तिन्ही शक्यता एकमेकींना छेद देतातच असंही नाही. बडोद्याच्या गटाला शास्त्री नको होते आणि पुण्याच्या दरबारालाही नको झाले होते. दोघांनी हात मिळवले असतील, तर दोघांचंही काम झालं.

त्याच वर्षी पुण्यात आणखी एक संशयास्पद मृत्यू झाला होता. खुर्शेदजी मोदी हे पारशी गृहस्थ इंग्रज रेसिडेन्सीचे दरबारातले मध्यस्थ होते आणि पेशव्यांकडेही त्यांच्याकडे मोठा कारभार होता. ते पुणे सोडून गुजरातला जायच्या बेतात असताना विषाने मेले. विष त्यांनी घेतलं की त्यांना दिलं गेलं, हे कधीच ठरलं नाही. पुण्यातल्या मोदी गणपतीच्या नावात या मोदींची आठवण आजही आहे. काही महिन्यांच्या अंतराने, पुणे दरबार आणि इंग्रज यांच्या मध्ये उभी असलेली दोन माणसं अशी गेली.

वसंतगड ते ठाणे

पलटणी जवळ आल्यावर बाजीराव नरमले. सप्टेंबर १८१५ मध्ये त्यांनी त्र्यंबकजींना कैद करून वसंतगडावर पाठवलं. हा किल्ला आजच्या सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळ आहे. पायथ्याचं तळबीड हे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं गाव.

पण पेशव्यांच्या किल्ल्यावर पेशव्यांचाच लाडका कारभारी कैदेत, याला इंग्रज कैद मानायला तयार नव्हते. त्याच महिन्यात त्र्यंबकजींना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. हीच जागा आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. गोविंदराव आणि भगवंतराव यांना बडोद्याच्या ताब्यात दिलं गेलं.

इथे खटला चालायला हवा होता. आरोपी ताब्यात होते, साक्षीदार होते. पण इंग्रजांनाही खटला नको होता. खटला चालला असता तर आदेश कोणाचा, हा प्रश्न आलाच असता आणि उत्तर कदाचित बाजीरावांपर्यंत गेलं असतं. तेव्हा कंपनीला बाजीरावांशी उघड युद्ध नको होतं. साताऱ्याच्या जाहीरनाम्यात पुढे याची जवळपास कबुलीच आली. लोकांचा संशय खुद्द बाजीरावांवर होता, तरी आपण फक्त त्र्यंबकजींच्या शिक्षेवर समाधान मानलं, अशा अर्थाचं त्यात म्हटलं आहे.

म्हणजे बाजीरावांनी तपास टाळला आणि इंग्रजांनी खटला टाळला. शास्त्र्यांच्या घरच्यांना कोणी, कोणाच्या सांगण्यावरून मारलं याचं उत्तर दोन्हीकडून मिळालं नाही.

गाणं म्हणणारा मोतद्दार

ठाण्यात त्र्यंबकजींवर गोऱ्या शिपायांचा पहारा होता. देशी शिपाई फितूर होतील म्हणून ही काळजी. पण गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हतं.

बिशप हेबर यांनी नंतर नोंदवलेली हकीकत अशी की, एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर, रोज किल्ल्यात घोड्याची निगा करताना मराठी गाणी म्हणायचा. त्या गाण्यांतच घोडे कुठे उभे आहेत, वाट कुठली, याचे निरोप होते. पहारेकरी गाणं ऐकत राहिले. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी शौचकुपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटले.

पुढचे काही महिने ते संगमनेर, नाशिक, खानदेश या भागांत फिरत राहिले. १८१७ च्या सुरुवातीला शिखर शिंगणापूरजवळच्या महादेव डोंगराच्या परिसरात, नातेपुत्याच्या बाजूला त्यांनी माणसं गोळा केल्याच्या बातम्या पुण्यात आल्या. आजच्या सातारा, सोलापूर आणि सांगली या जिल्ह्यांच्या शिवा जिथे जवळ येतात, तो हा माणदेश. रामोशी, मांग, बेरड अशा जमातींतली लढाऊ माणसं त्यांच्याकडे आली. पैसा बाजीरावांकडून गुपचूप जातोय, असा एल्फिन्स्टन यांचा आरोप होता. बाजीराव म्हणत, त्र्यंबकजी कुठे आहेत मला माहीतच नाही.

निकाल लागला, पण तहात

मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टन यांनी पुण्याला पलटणींचा वेढा घातला. त्र्यंबकजींना महिन्याभरात हजर करा आणि तोपर्यंत तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड द्या, अशी मागणी केली. बाजीरावांनी किल्ले दिले. त्र्यंबकजींना पकडणाऱ्याला इनामही जाहीर केलं. त्र्यंबकजी सापडले नाहीत.

१३ जून १८१७ ला पुण्याचा तह झाला. त्याच्या पहिल्याच कलमात बाजीरावांकडून लिहून घेतलं गेलं की गंगाधरशास्त्र्यांच्या खुनात त्र्यंबकजी दोषी आहेत, याची आपली खात्री झाली आहे.

या खुनाचा निकाल म्हणायचा तर तो हाच. साक्ष नाही, उलटतपासणी नाही, आरोपी समोर नाही. शहराभोवती पलटणी उभ्या असताना तहाच्या कलमात लिहिला गेलेला निकाल.

याच तहात बाजीरावांनी मराठा सरदारांवरचं प्रमुखपद सोडलं आणि सुमारे ३४ लाखांचा मुलूख दिला. ज्या वादासाठी शास्त्री पुण्याला आले होते, तोही यातच मिटला. गायकवाडांकडची सगळी जुनी येणी वर्षाला चार लाखांवर तोडली गेली आणि अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांनी कायमचा गायकवाडांना मिळाला. शास्त्र्यांना जिवंतपणी जे जमलं नाही, ते त्यांच्या मृत्यूने झालं.

साताऱ्याला काय मिळालं, सांगलीला काय?

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि बाजीरावांची पळापळ सुरू झाली. छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि त्यांच्या कुटुंबालाही त्यांनी सोबत फिरवलं. फेब्रुवारी १८१८ मध्ये पंढरपूरपासून फार लांब नसलेल्या आष्टीला बापू गोखले लढता लढता पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. पुढे २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने साताऱ्याचं राज्य उभं राहिलं, कंपनीच्या देखरेखीखाली.

सांगलीची गोष्ट वेगळी. तिथले चिंतामणराव पटवर्धन आणि बाजीराव यांचं आधीपासून जमत नव्हतं. दक्षिणेतल्या जहागीरदारांच्या जहागिरी बाजीराव गिळतील अशी भीती होती. १८१२ मध्ये एल्फिन्स्टन यांनी मध्ये पडून पेशवे आणि जहागीरदार यांच्यात करार घडवला. तो पंढरपूरचा करार म्हणून ओळखला जातो. म्हणजे ज्या पंढरपुरात इंग्रजांची हमी असलेले शास्त्री पडले, त्याच पंढरपुराच्या नावाच्या करारावर सांगलीकरांची जहागीर तगून होती.

साताऱ्याच्या जाहीरनाम्याने बाजीरावांची साथ सोडायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पटवर्धनांसारख्या जहागीरदारांसमोर निवड स्पष्ट होती. पण चिंतामणरावांनी कंपनीची चाकरी करायला नकार दिला. १८१९ च्या करारात त्याऐवजी त्यांनी वर्षाला १ लाख ३५ हजारांचं उत्पन्न असलेला मुलूख सोडला. सांगली संस्थान टिकलं ते १९४८ पर्यंत. साताऱ्याचं राज्य मात्र १८४८ मध्येच खालसा झालं.

पुढे त्या सगळ्यांचं काय झालं?

बाजीराव ३ जून १८१८ ला जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाख पेन्शन घेऊन ते गंगेकाठी बिठूरला राहिले आणि १८५१ मध्ये तिथेच गेले.

त्र्यंबकजी १८१८ च्या जूनअखेर नाशिकच्या बाजूला पकडले गेले. त्यांना बनारसजवळच्या चुनारच्या किल्ल्यात ठेवलं. १८२४ मध्ये बिशप हेबर त्यांना तिथेच भेटले. खटला न चालवता ठेवलेला हा कैदी १८२९ मध्ये तुरुंगातच वारला.

एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. प्रत्यक्ष तलवार चालवणाऱ्या तिघांची नावं मात्र इतिहासात नाहीत.

मग खुनी कोण?

हे प्रकरण वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या रात्रीची सगळ्यात तपशीलवार हकीकत आपल्याला मिळते ती ग्रँट डफ यांच्या इतिहासातून. डफ हे आधी पुण्यात एल्फिन्स्टन यांचे सहायक होते आणि १८१८ पासून साताऱ्यात कंपनीचे प्रतिनिधी. त्यांचं पुस्तक १८२६ मध्ये आलं. कागदपत्रं जमवण्यात त्यांनी प्रचंड मेहनत घेतली, पण ते एका पक्षाचे नोकरही होते. त्र्यंबकजींची बाजू सांगणारा तेवढाच तपशीलवार कागद समोर नाही. ती बाजू मांडायची जागा न्यायालय होती आणि तिथे ते कधी उभेच राहिले नाहीत.

त्यामुळे त्र्यंबकजींवरचा संशय भक्कम आहे, असं म्हणता येतं. ते सिद्ध झालं, असं म्हणता येत नाही. बाजीरावांना माहीत होतं का, हा प्रश्न तर इंग्रजांनी आधी मुद्दाम उघडा ठेवला आणि गरज पडली तेव्हा साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वापरला.

घटनाक्रम थोडक्यात

- १८०२: वसईचा तह, बडोद्यात इंग्रज रेसिडेंट
- १८१२: पेशवे आणि जहागीरदार यांच्यात पंढरपूरचा करार
- १८१४: शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यात; अहमदाबादचा इजारा त्र्यंबकजींकडे
- जुलै १८१५: पंढरपुरात शास्त्र्यांचा खून
- सप्टेंबर १८१५: त्र्यंबकजी आधी वसंतगडावर, मग ठाण्याच्या किल्ल्यात कैद
- १२ सप्टेंबर १८१६: त्र्यंबकजींचं पलायन
- १३ जून १८१७: पुण्याचा तह
- ११ फेब्रुवारी १८१८: साताऱ्याचा जाहीरनामा
- ३ जून १८१८: बाजीराव शरण
- १८२९: चुनारच्या तुरुंगात त्र्यंबकजींचा मृत्यू